आमच्या हौदातला राजहंस

कमलवहिनी लग्न होऊन आली तेव्हा आईनं तिला एकच अट घातली होती. मासे खाल्लेल्या हातानं आमच्या चुलीला शिवायचं नाही. वर्षभर मासे न खाता पाळायचं, सगळं नीट निभलं तर पुढच्या पाडव्याचं पुरण तिनं वाटायचं, आणि तिथून पुढे स्वैपाकघर तिचं. तोवर तिनं धुणी धुवावी, अंगण सारवावं, धान्य निवडावं, पण स्वैपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये. वहिनी वेंगुर्ल्याकडची, खाडीकाठच्या घरातली. तिच्या माहेरी मासा म्हणजे आपल्याकडे वरण तसा, रोजचाच. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, मुंबईला रेल्वेत चिकटला होता. तिथंच त्यानं परस्पर हे लग्न जमवलं आणि आमच्या पांढुर्ण्याच्या मालधक्क्यावर बदली झाली तेव्हा बायकोला घेऊनच दारात उभा राहिला. आईची अट ऐकून वहिनी म्हणाली, "चालेल." दादानं सुटकेचा श्वास टाकला. तिला माशाची आठवण येते का, हे घरात कोणी विचारलं नाही. मी विचारलं, कारण मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची आगाऊ पोट्टी होते. ती म्हणाली, "येते की. जीभ काय माहेरी ठेवून आलेय?" आणि पुन्हा तुरीतले खडे निवडायला लागली.

आमचं घर जाम नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा व्हायचा, त्यावर आई चूल पेटवायची, आणि इटारसीकडची गाडी शिट्टी देऊन गेली की अण्णा शाळेला निघायचे. अण्णा म्हणजे वडील, मराठी आणि संस्कृत शिकवायचे. घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. पण म्हणून आमचं खाणं मिळमिळीत होतं असं कोणी समजू नये. आईच्या पाटवडीच्या रश्शानं नाकाडोळ्यातून पाणी यायचं, आणि तिची सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, खायला अण्णांचे मित्र काही ना काही काम काढून यायचे. वहिनीला हे सगळं ताटात मिळायचं, उंबऱ्याबाहेर, माझ्याशेजारी. मीही मुद्दाम तिथंच बसायचे. आई म्हणायची, "तुले काय आत काटे टोचून राहिले का वं?" मी ताट आणखी वहिनीकडे सरकवायचे.

त्या हिवाळ्यात सगळ्या गावाच्या तोंडी एकच विषय होता. भाषेवरून राज्यं नव्यानं मांडायचं ठरलं होतं. नागपूर तिकडे मराठी मुलखात जाणार, आणि आम्ही, म्हणजे सौंसर-पांढुर्ण्याची माणसं, मराठी बोलत असूनही इकडे हिंदी मुलखातच राहणार, असं ऐकू येत होतं. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कोणाला फार वाटत होतं. अण्णा दुसऱ्यांतले. ओट्यावर रोज संध्याकाळी बैठक बसायची. अण्णा पेपर वाचून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "अजून काही पक्कं नाही." आजही ह्या गावात एका वाक्यात मराठी आणि हिंदी सुखानं नांदतात आणि कोणाचं काही अडत नाही, हे मी ऐंशी ओलांडल्यावर शांतपणे लिहू शकते. अण्णांना ते तेव्हा सांगायची कोणाची छाती नव्हती.

अशात संक्रांतीनंतर गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीलकाका, मोहगावच्या वाटेवर ज्यांचा संत्र्यांचा बगीचा होता ते, डोक्यावर टोपली घेऊन आले. आम्हाला वाटलं, पडलेली संत्री असतील. काकांनी फडकं काढलं. "गुरुजी, हे पाहा बरं काय सापडलं! गारीनं गंज संत्रं झोडपलं, अन् झाडाखाली हे बसून होतं. बदक म्हणाव तं बदक नाही, बगळा म्हणाव तं बगळा नाही."

टोपलीत पांढरा पक्षी होता. चोच लाल, पाय लाल, एक पंख लोंबलेला. बदकाएवढाही नव्हता. अण्णा वाकून पाहत राहिले, मग आत जाऊन कोश घेऊन आले, पान काढलं, चष्मा पुसला. "राजहंस! अंग पांढरं, चोच आणि पाय लाल. शब्दाला शब्द जुळतो आहे." पाठ राखाडी होती, ती त्यांनी प्रवासाची धूळ म्हणून सोडून दिली. मी ओल्या फडक्यानं पुसून पाहिली. धूळ काही निघाली नाही, हाताला चावा मात्र बसला. आवाजही भांडणाऱ्या मांजरासारखा होता. त्यावर अण्णा म्हणाले की खरा राजहंस ऐकलाय कोणी?

दुपारपर्यंत गल्ली भरली. गुरुजींच्या घरी राजहंस आला, सरस्वतीचं वाहन आलं! मागच्या अंगणातल्या हौदात त्याची सोय झाली, वरून जुनं जाळं. बायका हळदकुंकू घेऊन आल्या. आता हंस म्हटलं की त्याचं खाणं ठरलेलं, दूध आणि मोती. आईनं चांदीच्या वाटीत दूध ठेवलं आणि, हसू नका, आपल्या नथीतला मोती काढून त्यात टाकला. पक्षी वाटीत पाय देऊन पलीकडे गेला. दूध सांडलं, मोती मोरीत गेला, तो शोधायला मला मोरीत उतरवलं. मग अण्णांनी दुधात पाणी मिसळून ठेवलं, कारण हंस दूध तेवढं घेतो आणि पाणी ठेवतो असं म्हणतात. ह्यानं दोन्ही ठेवलं. पाटीलकाका म्हणाले, "गुरुजी, उपास असंन त्याचा." अण्णांनी तेही मान्य केलं. ज्वारीचा दाणा, भाकर, भात, काहीही कोणी पुढं करायला गेलं की अण्णा हात धरायचे. हंसाला उष्टंमाष्टं घालायचं म्हणजे काय!

वर आणखी एक खूळ निघालं. हा देवाचा पक्षी ह्याच साली इथं का आला? तर आपण कोणत्या राज्यात जाणार हे सांगायला. तो ज्या दिशेला तोंड करून बसेल ती खरी. अण्णाही सकाळी उठून आधी हौदाकडे जायला लागले. पक्षी उत्तरेकडे तोंड करून बसायचा. उत्तरेला छिंदवाडा, भोपाळ, सगळं तेच. अण्णांनी त्याला दोन्ही हातांनी उचलून नागपूरकडे वळवून ठेवलं, बोटाला रक्त आलं. ते धोतराला पुसेपर्यंत पक्षी पुन्हा उत्तरेकडे. वहिनी दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती पुटपुटली, "वारा उत्तरेचा आहे. हे वाऱ्याकडेच तोंड करून बसतात." अण्णांना ऐकू गेलं नाही. मला गेलं.

मी तिला कोपऱ्यात गाठलं. "वहिनी, तुला माहीत आहे हा कोण ते!"

"माहीत नसायला काय झालं. कुरव आहे तो. आमच्या खाडीवर थंडीत थवेच्या थवे येतात, होड्यांच्या मागं लागतात. जाळं ओढलं की ह्यांची नुसती बोंबाबोंब. मासे खातो गं तो, शकू. हंस कसला! मरेल हा इथं दूध बघत बघत."

"मग सांग ना अण्णांना."

"तुझ्या दादाला सांगितलं काल. तो म्हणाला, पाडवा होईपर्यंत तोंड उघडू नकोस." आणि मग म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. मासा हा शब्द मी उच्चारला तरी आई म्हणतील, गेली माहेरच्या वळणावर."

पुढच्या दोन दिवसांत पक्ष्यानं मान पंखात खुपसली ती वर काढली नाही. बायका म्हणाल्या, समाधी लागली. वहिनीचं लक्ष भाताच्या ताटात नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी धुणं घेऊन जाम नदीवर गेलो, तेव्हा तिनं इकडे तिकडे पाहिलं, आईचं जुनं लुगडं उघडलं आणि म्हणाली, "ते टोक धर. घट्ट. मी सांगेन तेव्हा उचल." गुडघाभर पाण्यात ती अशी काही वाकली की मी पाहतच राहिले. घरात उंबऱ्याशी अंग चोरून बसणारी बाई ती हीच का? "उचल!" म्हणाली, लुगडं वर आलं, आणि त्यात चांदीसारख्या मासोळ्या उडत होत्या. मी किंचाळले. वहिनी हसत होती. लग्न होऊन आल्यापासून तिला एवढं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

बादलीत खाली पाणी आणि मासोळ्या, वर पिळलेले कपडे, असा माल घरी आला. दुपारी आईचा डोळा लागला, अण्णा शाळेत. वहिनीनं एक मासोळी शेपटीला धरून हौदाच्या काठावर हलवली. पंखातून मान वर आली. पुढचं मला आजही दिसतं. चोचीत मासोळी आडवी धरली, हवेत उडवून सरळ केली, डोक्याकडून गिळली, आणि अशी एक आरोळी ठोकली की मी त्याची चोचच दाबायला धावले. त्यानं सगळ्या मासोळ्या संपवल्या. संध्याकाळी पंख झटकून तो हौदात पोहत होता आणि अण्णा बैठकीत सांगत होते, उपास सुटला, दूध घेतलं त्यानं. दूध मांजरानं घेतलं होतं.

तेव्हापासून आमचं धुणं फार वाढलं. स्वच्छ कपडेसुद्धा आम्ही धुवायला न्यायला लागलो. आई खूश होती, सून कामाला वाघ आहे असं शेजारी सांगायची. एकदा नदीवर मी म्हटलं, "वहिनी, इथंच काटक्या पेटवू आणि एखादी तू भाजून खा ना. कोणाला कळतंय?" तिनं हातातल्या मासोळीकडे पाहिलं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ते मला दिसत होतं. ती म्हणाली, "मला कळेल ना गं." आणि मासोळी बादलीत टाकली. वर्षभर पाळायचं म्हणजे पाळायचं. ती मासे हाताळत होती, पण एक तुकडा जिभेवर ठेवला नाही, हे मी कुठंही शपथेवर सांगेन.

फाल्गुन लागला, पळस फुलले, आणि आमच्या राजहंसाचं डोकं काळं पडायला लागलं. आधी कानामागे डाग होताच, तो पसरला. मग कपाळ, मग गळा. होळीपर्यंत डोक्यावर कॉफीच्या रंगाची टोपी घातल्यासारखं दिसायला लागलं. दर्शनाच्या बायका कुजबुजायला लागल्या. जामसांवलीहून मारुतीचं दर्शन घेऊन येणाऱ्या एकीनं तोंडावर सांगितलं, "हंसाले पाप लागलं, गुरुजी. घरात काहीतरी बाट होऊन राहिली." आईनं वहिनीकडे पाहिलं. अण्णा रात्रंदिवस कोश चाळायचे. तपकिरी डोक्याचा हंस कुठल्याच पानावर सापडेना.

परवा माझ्या नातीनं मोबाइलवर ह्या पक्ष्याची सगळी कुंडली मला वाचून दाखवली. हिमालयापलीकडच्या तळ्यांवर त्यांची पिल्लं होतात. थंडीत ती तळी गोठतात, म्हणून ते आपल्या किनाऱ्यांवर आणि मोठ्या नद्यांवर उतरतात. हिवाळ्यात डोकं पांढरं, आणि परतीचे दिवस आले, जोडी जमवायची वेळ आली, की तपकिरी. दरसालचं आहे म्हणे. मी म्हटलं, मोबाइल ठेव, हे मला वहिनीनं कधीच सांगितलंय. हिमालयाचं तेवढं तिला माहीत नव्हतं.

धुळवडीनंतरच्या रविवारी सकाळी ओट्यावरची माणसं मागच्या अंगणात आली होती. आदल्या दिवशी पेपरात पक्कं छापून आलं होतं, आम्ही इकडेच राहणार. अण्णांचा चेहरा उतरला होता. कोणीतरी म्हणालं, हंसानं आधीच सांगितलं होतं, उत्तरेला तोंड करून. सगळे हौदाभोवती उभे होते, आई आरती घेऊन पुढे झाली, आणि पक्ष्यानं मान खाली घातली, दोन उचक्या दिल्या आणि आईच्या ताम्हनासमोर बोराएवढा एक गोळा ओकला. पाटीलकाकांनी काडीनं तो उकलला. "गुरुजी," ते म्हणाले, "हे तं मासोळीचे काटे हायेत बापा!"

आई म्हणाली, "हे कोणाचं काम आहे?"

"माझं," मी म्हटलं.

"तू गप. तुले मासा पकडता येते का?"

वहिनी दोरीजवळून पुढे आली. पदर सारखा केला. "माझं आहे, आई. तो हंस नाही, कुरव आहे, मासेच खातो. मेला असता. मी धरले आणि मी घातले. खाल्ले नाहीत." आवाज चढला नव्हता. "आणि त्याचं डोकं पापानं काळं झालं नाही. ह्या दिवसांत सगळ्यांचंच होतं, आणि झालं की ते निघून जातात."

माणसं एकेक करून गेली. दादा खाली मान घालून उभा होता. मला त्याचा राग आला, तो पुढं बरीच वर्षं टिकला. आईनं आरती विझवली आणि आत जाताना म्हणाली, "पाडव्याचं आता विसर." वहिनी हो म्हणाली आणि उरलेले कपडे वाळत घालायला लागली. त्या रात्री ती माझ्याशेजारी जेवायला बसली, पण घास तोंडात फिरत होता.

दुसऱ्या दिवसापासून दर्शन बंद झालं. आम्हा दोघींना नदी बंद झाली. पक्षी काठावर बसून ओरडायचा, जाळ्यावर पंख आपटायचा. लोंबणारा पंख आता पूर्ण उघडत होता. अण्णा शाळेतून येऊन त्याच्यासमोर बसायचे, कोश न घेता. एका दुपारी त्यांनी वहिनीला हाक मारली. इतक्या दिवसांत ते तिच्याशी समोरासमोर बोलले नव्हते.

"सूनबाई, हा असा उपाशी उडाला तर पोचेल का?"

"नाही, अण्णा. लांबचं जाणं असतं त्यांचं."

अण्णांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. परत आले तेव्हा हातात पेपरात बांधलेला पुडा होता, अंगापासून जितका लांब धरता येईल तितका लांब धरलेला. नदीवरच्या मासेवाल्याकडून आणला होता. पेपर तोच, निर्णय छापलेला. गल्लीतून सगळ्यांच्या देखत, गुरुजी, हातात मासे! पुढचे कितीतरी दिवस गल्लीला तो विषय पुरला. ते हौदाजवळ आले, पुडा खाली ठेवला आणि म्हणाले, "हंस नाही तर नाही. पण आपल्या दारात उपाशी नको मरायला."

आई दारात आली होती. तिनं पुड्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "आता तुमच्याही हातचं पाणी बंद करू का?"

"कर," अण्णा म्हणाले. "सूनबाईनं काय केलं ते मी केलं. आम्हा दोघांना एकच नियम लाव."

वहिनीनं पुडा उघडला, मासे बारीक होते ते निवडले, एकेक करून पक्ष्याला घातले. त्यानं आधाशासारखे गिळले, पाणी प्यायलं, चोच पुसली. मग अण्णांनी स्वतः जाळं काढलं. पक्षी थोडा वेळ काठावरच बसला. वाऱ्याची झुळूक आली तसा उठला, हौदावरून एक फेरी घातली, शेजारच्या कवेलूंच्या छपरावरून वर गेला आणि सातपुड्याकडे वळला. डोकं तपकिरी, पाठ राखाडी, पंखांची टोकं काळी, बाकी सगळा पांढरा. आम्ही दिसेनासा होईपर्यंत पाहिलं.

"उत्तरेलाच गेला," अण्णा म्हणाले.

"त्याचं घर असेल तिकडे," वहिनी म्हणाली. अण्णांनी मान हलवली आणि ते हातपाय धुवायला गेले. मला रडू येत होतं आणि का येतंय ते कळत नव्हतं.

पुड्यात मोठे मासे उरले होते. वहिनी ते पेपरात परत गुंडाळायला लागली. नदीत टाकून येते म्हणाली. तेवढ्यात आई आतून आली. हातात जुनं मातीचं गाडगं, त्यात तिखट, हळद, मीठ, आणि आंबाडीच्या वाळल्या पाल्याची मूठ. तिनं ते गोठ्यामागच्या चुलीपाशी ठेवलं, जिच्यावर आम्ही आंघोळीचं पाणी तापवायचो. "हे भांडं पुन्हा घरात येणार नाही," ती म्हणाली. "आंबट काय घालतेत तुमच्याकडे मले माहीत नाही. हेच आहे."

वहिनी गाडग्याकडे बघत उभी राहिली. आई वळून आत गेली. मी काटक्या आणल्या. वहिनीनं मासे साफ केले, तिखट लावलं, आणि वास सुटला तसे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते ती पुसत नव्हती. मला म्हणाली, तू लांब बस, तुला सोसायचं नाही. मी बसले नाही. ती ज्वारीच्या भाकरीबरोबर जेवायला बसली, पहिला घास तोंडाजवळ नेला, आणि थांबली.

स्वैपाकघराची खिडकी मागं उघडते. आई तिथं उभी होती, पदर नाकाला लावून. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"पाडव्याले पुरण तुलेच वाटा लागन," ती म्हणाली. "आधी जेव. अन् काटे पाहून खाजो, बाई."